खिळा नंबर ६१२

नांदेडला मिलच्या टाइम ऑफिसातच केलंय म्युझियम.
भिंतीवर पाटी : शांतता राखा.
चांदपाशा मात्र ओरडूनच बोलतात;
तीस वर्षं साच्यांपुढे उभ्या माणसाला
हळू कसं जमावं?

काचेआड बॉबिन, तेलाची बुधली,
भोंग्याची साखळी.
पोरगी वहीत बघून माहिती देते.
"काय म्हणायली?" ते मला विचारतात.
मी हातानंच सांगतो, खात्यात सांगायचो तसं.

बिल्ल्यांच्या फळीवर एकच खिळा रिकामा.
खाली चिठ्ठी : ६१२, गहाळ.

चांदपाशांनी खिसा चाचपला,
पितळ काढलं, बाहीला पुसलं.
पोरीनं हरखून हात पुढे केला.

"हिशेब झाला की जमा करायचा असतो, बेटी,"
आणि बिल्ला पुन्हा खिशात.

पार गेटापर्यंत ऐकू गेलं.