साल

साल काढली की लगेच खोडावर साल लिहायचं,
पांढऱ्या रंगात, फक्त शेवटचा आकडा.
यंदा पाच.
पुढची कुऱ्हाड चौतीस साली.
तोवर या झाडाला कुणी हात लावायचा नाही,
बाटल्यांची बुचं कितीही खपोत.

माझं टेबल ग्रांदोलाच्या उतारावर,
एका न सोललेल्या ओकखाली.
टेबलावर वही, वहीवर दगड,
दगडावर कधीकधी सरडा.
वहीत दोन रकाने: कुऱ्हाड, ओझं.
कुऱ्हाडीला दिवसाचे एकशे तीस युरो,
ओझ्याला अठ्ठ्याहत्तर.
सव्वीस वर्षं मी नावं लिहितेय,
पहिल्यात पुरुष, दुसऱ्यात बायका.
असा नियम कुठेही लिहिलेला नाही.
फक्त माझ्या अक्षरात आहे.

बेल्मिरो म्हणतो, कुऱ्हाड बघायची नसते, ऐकायची असते.
पोकळ वाजली तर साल सुटणार.
कोरडं, तुटकं वाजलं तर हात आवर,
आत झाड आहे.
हे त्याला उशिरा कळलं.
ओढ्याकाठच्या जाड खोडावर एक वळ आहे,
मिटलेल्या ओठांसारखा,
सोळाव्या वर्षी त्याच्या हातून खोल गेलेला घाव.
मुकादमानं अर्धा रोज कापला होता.
तो मुकादम गेला, ते एस्कुदो गेले,
वळ आहे तिथेच.
सहा वेळा ते झाड त्यानं पुन्हा सोललं.
तेव्हा वळ छातीशी होता, आता हनुवटीशी येतो.
झाड उंच झालं म्हणून नाही, म्हणतो.
मीच उतरलो.

ही कामं जोडीनं करायची, खोडाच्या दोन बाजूंनी दोघं.
त्याच्या जोडीदाराचे, एर्मिनियोचे, गुडघे गेले.
एर्मिनियोचा मुलगा जिनिव्हात ट्राम चालवतो,
नाताळला येतो, हातमोजे घालून.
खाली समुद्राकडे प्लास्टिकच्या शेडांत
रास्पबेरी तोडायला फार लांबून माणसं येतात.
त्यांचा रोज कुणाच्या वहीत असतो, मला माहीत नाही.

सोमवारी ग्रासिएतनं कुऱ्हाड उचलली.
सात हंगाम तिनं फळ्या वाहिल्या,
डोक्यावर, खांद्यावर, शेवटच्या महिन्यात पोट घेऊनसुद्धा.
कुणी काही बोललं नाही.
बेल्मिरो फक्त खोडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

शनिवारी दुपारी एकला, रांगेत तिचं नाव आलं.
मी इंजिनियर साहेबांना फोन लावला.
"तूर्तास ओझ्यातच घाला," म्हणाले, "शिकतेय ना अजून."
शिकाऊ पोरं मी आजवर कुठे लिहिली होती?
मागची पानं उलटली.
सगळी कुऱ्हाडीत.

मग मी उठले. रांग तशीच ठेवून
तिनं सोललेल्या झाडांकडे चालत गेले,
इतक्या वर्षांत कामाच्या वेळी पहिल्यांदा.
सोमवारचं खोड विटकरी झालं होतं,
आजचं अजून पीचच्या गरासारखं ओलं.
एकावर दोन ओरखडे होते, फार खोल नाहीत.
"एक माझा आहे," बेल्मिरो मागून म्हणाला.
कुठला, ते त्यानं सांगितलं नाही.

पाचाचा रंग वाळला नव्हता, बोटाला लागला.
परत येऊन लिहिलं:
ग्रासिएत, सहा दिवस, पहिला रकाना.
कोपऱ्यावर पांढरा ठसा उमटला.
महिनाअखेर साहेबांना वही पाहायची असते.
खोडायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हातानं खोडावं.

तिनं नोटा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
"विम्याचे जास्त का कापलेत, देओलिंदा?"
कुऱ्हाडीचा विमा जास्त असतो, मी म्हटलं.
ती जरा वेळ तशीच उभी राहिली,
मग मागच्या माणसाला म्हणाली,
सरक पुढे.