एकशे बासष्ट

एकतीस वर्षं मी माणसांना वर नेलं, खाली आणलं.
वालपाराइसोच्या टेकडीला रुळांवरचा लाकडी डबा,
डब्याला लोखंडी दोर, दोराच्या टोकाशी मी.
दांडा ओढला की शाळकरी पोरं, कोंबड्या,
एकदा तर अख्खा पियानो
वर.
मी मात्र स्टुलावर बसूनच म्हातारा झालो.

जीव वरखाली होणं म्हणजे काय
ते मार्चमध्ये कळलं, बेकरीच्या दारात.
डाव्या खांद्यातून काहीतरी सुटलं
आणि दांडा कुणाच्याच हातात नव्हता.

दवाखान्यातल्या नर्सबाई, काइउपान आडनावाच्या,
विचारत होत्या, दिवसाला पाव किती?
चार, मी म्हटलं.
सात, मागून ओतिलिया.
मीठ?
चवीपुरतं.
ओतिलिया काही बोलली नाही.
बाईंनी तेवढंच लिहून घेतलं.

खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस मी,
पण ते मीठच माझ्या नसांत रात्र रात्र जागत होतं.

मग त्या म्हणाल्या, लिफ्ट बंद. पायऱ्या.
मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

पहिल्या दिवशी अठरा.
अठराव्या पायरीवर कुत्रं झोपलेलं,
त्यानं एक डोळा उघडून माझी पायरी ओळखली.
शेजारून डबा वर चालला होता,
खिडकीतून बाउदिलिओनं, माझ्या जागी आला तो,
घंटा वाजवली. चिडवायला की मानानं, कोण जाणे.
त्यालाच मी उरलेली सिगारेटची पाकिटं दिली होती.
चूक झाली. समुद्रात टाकायला हवी होती.

ओतिलियानं मिठाची बरणी संत अँटनीच्या मागं लपवली.
हरवलेलं शोधून देणारा संत तो.
मी हात जोडले. त्यानं तिचीच बाजू घेतली.
आता मसुरावर लिंबू, कोथिंबीर, ओव्याची काडी.
पहिले तीन आठवडे ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं सगळं.
चौथ्यात एकदा टोमॅटो खाल्ला
आणि तो टोमॅटो आहे हे कळलं.

रविवारी अर्धा पाव खातो, खारा.
हे बाईंना सांगू नका.

ऑगस्टमध्ये दोर तुटायला आला म्हणून लिफ्ट बंद केली.
सगळी टेकडी पायऱ्यांवर उतरली,
म्हणजे चढली.
गॅसवाला सिलिंडरवर पाना न आपटता, गप्प.
बँकेतला तरणाबांड पोरगा कठड्याला धरून पांढराफटक.
बाउदिलिओ खोकत, माझ्याकडे न बघता.
मी एक्क्याण्णव्या पायरीवर उभा होतो,
श्वास जागच्या जागी.
म्हटलं, पळू नका रे. बोलता येईल एवढंच चढा.
दम लागला तर दम धरा.
मग त्यांच्यासोबत निघालो,
हवापाण्याचं, माशांच्या भावाचं बोलत,
बोलणं तुटलं की थांबत.

किती राहिल्या, दोन नोल्बेर्तो?
बँकेतल्या पोरानं विचारलं.

एकाहत्तर. मला पाठ आहेत.

थोड्या, मी म्हटलं.