सप्टेंबरअखेर

लॉटनमध्ये आज वारा फार आहे, बाबा फोनवर म्हणतात.
फोन डाव्या कानाला असणार.
उजवा त्यांनी तोफखान्यात ठेवला
शहाऐंशी साली, आणि परत मागितला नाही.

मी वॉशिंग्टनला, सातव्या मजल्यावर,
ओळ क्रमांक दोनशे चौदावर बोट ठेवून बसले आहे.
निवृत्तिवेतन, सैनिकी. महागाईवाढ : एक टक्का कमी.
एक टक्का.
आमटीत चिमूटभर मीठ कमी पडावं तसा.
कुणाला कळणारही नाही, साहेब म्हणाले.

टक्का वर्षानुवर्षं स्वतःवरच साचत जातो,
हे मला कळतं, त्याचाच तर पगार घेते.
जेवणाच्या सुटीत, नियम मोडून,
मी एकाच माणसाचा हिशोब केला :
एक जुनी पिकअप गाडी.
किंवा आईचे दात, वरचे आणि खालचे.

आणि गंमत म्हणजे काटकसर मी त्यांच्याकडूनच शिकले.
मास्टर सार्जंट वर्लन टॅकेट, भांडारप्रमुख,
वाकडे खिळे ठोकून सरळ करणारा,
कॉफीच्या डब्यात आकारानुसार लावणारा,
रिकाम्या खोलीत दिवा दिसला
की गुन्हेगाराला पूर्ण नावाने हाक मारणारा.
सरकार उधळं आहे, हे वाक्य आमच्याकडे
प्रार्थनेनंतर आणि मक्याच्या पावाआधी यायचं,
रोज.

म्हणून विचारलं, बाबा, कापायचंच आहे. कुठे कापू?

बराच वेळ नुसता वारा.
मग त्यांनी मला सप्टेंबर सांगितला.

वर्ष तीस तारखेला संपायचं, पोरी.
उरलेलं परत करायचं नाही, अशी रीत.
परत केलंस तर पुढच्या साली तेवढंच कमी.
मग सत्तावीसला, अठ्ठावीसला
आम्ही डोंगराशी भांडायचो.
रात्रभर गोळे. शत्रू नाही, धड सरावही नाही,
संपवायचे म्हणून.
नळ्यांना हात लावता यायचा नाही.
पायथ्याचं गवत पेटायचं,
सकाळी धुरातून म्हशी उतरायच्या, रानटी, काळ्या,
आमच्याकडे बघत.
आणि मी सह्या करायचो.
एका साली खुर्च्या घेतल्या, फिरत्या, सहाशे.
माणसं होती चारशे दहा.
उरलेल्या अजून प्लास्टिकमध्येच असतील,
जाऊन मोज.

तुम्ही काही बोलला नाहीत?

अर्ज केला होता, दोन पानी.
कॅप्टन म्हणाला, टॅकेट, शहाणपणा नको.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
या तक्त्यात मी खालीवर शोधते आहे :
सुकं सगळं शाबूत.
काडी लागली ती थेट ओल्याला.

ते शब्दाबद्दल बोलतील असं वाटलं होतं.
तो शब्द मला पाठ आहे : मॉलमधलं पत्र्याचं टेबल,
शेजारी बुटांचं दुकान, इस्त्रीच्या गणवेशातला कुणीतरी,
आणि समोर अठरा वर्षांचा मुलगा.
वीस वर्षं दे, पुढचं आमच्यावर सोड.
कागदावर तसं काही नव्हतं.
त्यांनी कागद वाचला तोवर अकरा वर्षं देऊन झाली होती.
उरलेली नऊही दिली.

पण त्यातलं काहीच आलं नाही.
ते म्हणाले, तुझी आई हाक मारतेय,
आणि फुकटची मिनिटं चाललीत.
ठेवले.

एक टक्का अजून पडद्यावर लुकलुकतो आहे.
बाहेर चाकांचा आवाज. दोन हमाल,
आणि एकीत एक अडकवलेल्या खुर्च्यांची रांग,
आमच्या मजल्यासाठी.
कुणी मागवल्या, विचारलं.
माहीत नाही बाई, इथे सही करा, तिसाच्या आत पोचवायच्यात.

मी बसले आहे तीही तशी नवीच आहे.
डाव्या हातावरचं प्लास्टिक
काढायचं राहिलंय, गेल्या सप्टेंबरपासून.

आज सव्वीस.
पेन उघडं आहे.