बिननावाचा पत्ता

एकतीस वर्षं मी हुमेनित्सेची टपालवाली.
आधी सायकल, मग पिवळी गाडी.
कुणाचं कुत्रं कुठल्या पोटरीला चावतं
तेसुद्धा पाठ.
आणि आता क्रिश्तोफ, माझ्या लेकीचा धाकटा,
फोन पुढे धरून मलाच म्हणतो,
आजी, चल, पत्ता शोधू.

कसला पत्ता?
आडनाव नाही, घरनंबर नाही, पेटी नाही.
एकोणपन्नास अंश, अमुक मिनिटं,
आणि दशांशचिन्हामागून धावत आलेली तीन पोरं.
असं पाकीट माझ्या हाती आलं असतं
तर ‘अपुरा पत्ता’ म्हणून शिक्का मारला असता.

पहिल्या रविवारी हात हलवत परतलो.
बाण म्हणाला, चार मीटर. मग अकरा. मग पुन्हा चार.
भूर्जांच्या मधोमध आम्ही
घाण्याला जुंपल्यासारखे.
मी सवयीनं छातीच्या उंचीवर बघत होते,
जिथे फाटकावर पेटी असते तिथे.
क्रिश्तोफ रांगत होता. त्याच्या ढोपरांना शेवाळ,
माझ्या टोपलीत सहा तपकिरी अळंब्या,
न शोधता मिळालेल्या.
“त्या मोजायच्या नाहीत,” तो रडवेला.
घरी येऊन फोनमध्ये लिहिलं त्यानं: सापडलं नाही.
मला आवडलं ते.
न सापडल्याचीही नोंद करतात.

दुसऱ्या खेपेला चौकातला बाक.
बाकावर झ्दिस्लावाबाई, आइसक्रीम, पूडल.
उठायचं नाव नाही.
“कुणाला कळता कामा नये,” क्रिश्तोफ कुजबुजला.
मी वाकून बुटाची नाडी बांधली. पुन्हा बांधली.
माझ्या बुटांना चेन आहे, नाडी नाही,
हे तिला दिसलं असणार.
“गुडघे कसे आहेत गं?” म्हणाली.
बाकाच्या पोटाला लोहचुंबकानं चिकटलेली
अंगठ्याएवढी डबी. आत कागदाची सुरळी.
माझी बोटं जाड, म्हणून सही त्यानंच केली:
आजी आणि मी.

तिसरी खेप ऑक्टोबरात.
बंद पडलेल्या दगडखाणीच्या वर,
ओकच्या मुळाशी, सालीच्या ढलपीखाली
रबर लावलेला जेवणाचा डबा.
क्रिश्तोफ असा ओरडला की कावळे उडाले.
आत प्लॅस्टिकचा डायनासोर, परकं नाणं, वही.
पहिल्या पानावर:
इथवर आलात, बरं केलंत. जरा बसा.
ऊन चारपर्यंत असतं.
खाली नाव नाही. नुसतं ‘खाणीतलं घुबड’.

पण ते अक्षर.
झेडच्या कमरेला आडवा पट्टा,
के चा एक पाय मुडपलेला.
दर डिसेंबरात या अक्षरातलं एक पाकीट
कॅनडाला जायचं, मुलाच्या नावानं.
फेब्रुवारीत परत यायचं:
या पत्त्यावर राहत नाही.
मी दारापर्यंत नेऊन द्यायची.
तो म्हणायचा, ठेवा तिथं.
पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच पाकीट, नवं तिकीट.
अकरा वर्षं.

वही जाड होती. दोनशेवर लोक येऊन गेले होते,
ब्रनोहून, ड्रेस्डेनहून,
एक बाई जानेवारीत, गुडघाभर बर्फातून.
बहुतेकांनी लिहिलं होतं, धन्यवाद.
एकानं लिहिलं होतं, बसलो.

“आजी, कोण आहे तुला माहितीय!”
पोराला वास लागतो.
म्हटलं, टपालातलं टपालात.
त्यानं हट्ट केला, रुसला,
मी काही बधले नाही.
इथेही लिहीत नाही.

डायनासोर त्यानं घेतला.
बदल्यात काहीतरी ठेवायचं असतं म्हणे.
खिशात रुमाल आणि चाकू.
मग खात्याचा जुना कोट, जो मी रानात घालते,
त्याचं एक बटण पिळून तोडलं,
पितळी, टपालाचा कर्णा कोरलेलं,
आणि डब्यात ठेवलं.
ओळखायचं त्याला ओळखता येईल.

मग बसलो.
ऊन चारपर्यंत होतं.
उतरताना कोटाच्या त्या फटीतून
गार वारा आत येत राहिला.
क्रिश्तोफ पुढे, डायनासोरशी बोलत.