कायम नोंदणी क्रमांक

आमच्या विद्यापीठाला घंटा नाही.
वर्गच नाहीत, तर वाजवायची कुणासाठी.
गोवर्धनच्या माळावर आधी नुसती कुसळं,
मग कुंपण आलं, मग पाटी,
मग गंगापूर रोडनं पुस्तकांचा पहिला टेम्पो
आणि तो उतरवायला आम्ही चौघं.
त्यातला मी पुंजाराम बेंडकुळे,
आठवी नापास, रोजंदारीवर.

साहेब सांगायचे, विद्याशाखा म्हणजे झाडाच्या फांद्या.
मला त्या रॅकवरून ठाऊक:
कृषीची हिरवी पट्टी, शिक्षणशास्त्राची पिवळी,
वाणिज्य तिसऱ्या ओळीत, जिथं पत्रा गळतो.
भिंतीवर तक्ता होता. वर कुलगुरू, विद्वत परिषद,
खाली विभागीय केंद्रं, त्याखाली अभ्यासकेंद्रं,
रेघा ओढत ओढत विद्यार्थ्यापर्यंत.
सुतळीची गाठ कुठंच काढलेली नव्हती.

पत्ते मात्र मी वाचले, वीस वर्षं.
सुरगाणा, अंगणवाडी क्रमांक दोन.
लासलगाव, कांद्याच्या चाळीमागे, द्वारा किराणा.
इगतपुरी, रेल्वे केबिन.
नाशिकरोड, मध्यवर्ती कारागृह, बराक सहा.
हे पार्सल मी आधी घट्ट बांधायचो,
मग वाटायचं, याला तरी कशाला,
आणि गाठ जरा सैल करायचो.

कळवणहून एकदा एक परत आलं.
शेवंता भोये, बीए, दुसरं वर्ष.
लाल शाईत शेरा: घेणारी मयत.
नियमाप्रमाणे साठ्यात जमा केलं.
पुढच्या जुलैत तीच पुस्तकं
पेठच्या कुणा मुलाला गेली.
त्याला कशाला सांगायचं.

शेहेचाळिसाव्या वर्षी मीही फॉर्म भरला, पूर्वतयारीचा.
शाळेचा दाखला लागत नाही, वय लागतं.
ते माझ्याकडं भरपूर.
सोळा आकडी क्रमांक आला, आणि त्याच्याआधी शब्द छापलेला: कायम.
वीस वर्षांत तो माझ्या नावाला पहिल्यांदाच लागला.

माझं पार्सल माझ्याच टेबलावर आलं.
तिथंच फोडता आलं असतं.
मी सुतळी आवळली, पत्ता डकवला, गठ्ठ्यात टाकलं.
ते नाशिकरोडला गेलं, तिथं छाटणी झाली,
शिक्के खात पाचव्या दिवशी माझ्या दारात.
फाटकापासून घर दीड किलोमीटर.

पोस्टमननं सही मागितली.
मी दोनदा केली, एक नीट आली नाही म्हणून.
मग ओट्यावर बसलो, नखानं, दातानं.
गाठ सुटेना.
बायको विळी घेऊन आली.
म्हणाली, इतकं आवळून कोण बांधतं मेलं.