वडकबाळच्या पुढे

सीनेच्या पुलावर सायकल टेकवली
तेव्हा सात वाजले होते.
खाली पाणी थोडं, म्हशी फार.
विजापूरचे ट्रक गेले की
हँडल आपसूक डावीकडं सरकायचं,
जणू वाट त्यालाच माहीत, मी नुसता बसलेला.

मंद्रूपच्या अलीकडं हमरस्ता सोडला.
का, ते विचारू नका.
वीस वर्षं एकाच मागासमोर उभा राहिलेला माणूस
पहिली वाकडी वाट दिसली की वळतो.

ज्वारी डोक्याच्या वर. काळ्या रानाला भेगा.
माळ्यावरनं एक म्हातारा
गोफण थांबवून ओरडला,
"यावूर री?"
घरी तेलुगू, कारखान्यात मराठी,
कानडी मला चहापुरती येते.
"सोलापूर," म्हटलं.
"सोलापूर," तो म्हणाला
आणि दगड पाखरांवर सोडून दिला.

मग खाली उतरला. इरप्पा बिराजदार.
हुरड्यासाठी गोवऱ्या रचता रचता
मोडक्या मराठीत म्हणाला,
गाडी का नाही घेतली, पेट्रोलची?
मी म्हटलं, गाडीवाल्याला
माळ्यावरनं कोण यावूर विचारतंय?
त्याला कितपत कळलं, कुणास ठाऊक.
गरम कणीस तळहातावर चोळत
बराच वेळ हसत होता.

दुपारी बाभळीचा काटा.
त्या गावात पंक्चरचं दुकान नव्हतं,
पिठाची गिरणी होती.
शिवलिंगव्वा, भुवयांपर्यंत पांढरी,
बादलीत ट्यूब पिळत गेली.
"इल्लि नोडरी."
बुडबुडा तिनं चिमटीत धरला,
अंगठा आणि पहिलं बोट,
तुटलेला दोरा आम्ही धरतो
तस्साच.

घरात बसायला चादर अंथरली.
मोर, फूल, पुन्हा मोर.
तिसऱ्या मोराच्या मानेत एक दोरा नाही.
असा दोरा माझ्या मागावर सुटायचा,
थोरली दवाखान्यात होती त्या वर्षी.
असा दोरा कुणाच्याही मागावर सुटतो.
कधीची ही?
लेकीच्या लग्नातली.
कुठली?
"सोलापूरचीच की. आणि कुठली असणार?"
मी मोरावरची मांडी जरा सरकवून घेतली.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार.
हात धुऊन पैसे काढले
तर तिनं गिरणी सुरू केली.
त्या आवाजात कोण काय बोलणार.

येताना वारा समोरनं.
इरप्पाचा माळा रिकामा,
गोफण खांबाला लोंबणारी,
पाखरं खुशाल.
मांड्या दगड झालेल्या,
आणि डब्यात, मी न मागता,
फडक्यात बांधलेल्या चार भाकरी.

पुलावर पोचलो तेव्हा दिवे लागलेले.
म्हशी गेल्या होत्या, पाणी तेवढंच.
अंधारातनं एक सायकल आली,
दुधाच्या रिकाम्या किटल्या खडखडत.
तोंडातनं निघून गेलं,
"यावूर री?"
त्यानं ब्रेक लावला, मला वरखाली पाहिलं,
"इथलाच की," म्हणाला. "तुम्ही कुठले?"