रकाना क्रमांक सात

धरणगावच्या जिनिंगसमोर
गुडघ्यावर पॅड ठेवून मी विचारतो:
शिक्षण किती? मत कुणाला?
या दोन रकान्यांतून एक रेघ काढायचीय,
वर जाणारी की खाली, ते पुण्यात ठरेल.

सकाळी डॉक्टर देवरे, एम.डी.,
स्टेथोस्कोप गळ्यातून न काढता म्हणाले,
"आमच्या घरात पहिल्यापासून हाच पक्ष."
सात सेकंदांत फॉर्म पुरा.

हिलाल आप्पा तिसरी पास.
ट्रॅक्टरमधल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतात,
मूठ आवळतात, सोडतात,
"अकरा टक्के ओल."
यंत्र मागाहून म्हणतं: अकरा पॉइंट दोन.

मत?
"तीनदा बदललं, भाऊ.
एकदा पुलासाठी. एकदा जातीसाठी,
त्याची लाज वाटते आता.
एकदा बोलणं आवडलं म्हणून, नि फसलो."
'फसलो'ला माझ्याकडे कोड नाही.
मी 'इतर' लिहितो.

मग तेच विचारतात,
"नि तू रे? कितलं शिकना?"
एम.एस्सी., संख्याशास्त्र.
"कोनले दिधं मत?"

मतदानाच्या आदल्या रात्री
वडिलांचा फोन आला होता, पारोळ्याहून.
मी हो म्हणालो होतो
आणि टीव्हीचा आवाज परत वाढवला होता.

"मतदान गुप्त असतं, आप्पा."

ते हसत नाहीत.
माझा हात हातात घेतात,
मूठ आवळतात, सोडतात,
आकडा काही सांगत नाहीत.
ट्रॅक्टर पुढे सरकतो. रांगेत अजून नऊ.